पुढचा टॅरंटुला कोणता घ्यावा? एका वेळी एकच नवी अडचण

पहिला टॅरंटुला, म्हणजे पेटीत पाळायचा मोठा केसाळ कोळी, बहुतेक जण चार ठिकाणी चौकशी करून घेतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मात्र चौकशी मागे पडते आणि फोटो पुढे येतो. निळ्या पायांचा, नारिंगी पोटाचा कोळी दिसला की हात शिवशिवतात. घरी आणल्यावर कळतं की हा महिनोन् महिने बिळातून तोंड बाहेर काढत नाही, किंवा झाकण उघडताक्षणी पेटीच्या बाहेर असतो, किंवा त्याला हवी असलेली ओल आपल्या हीटर लावलेल्या खोलीत दोन दिवसही टिकत नाही. यात कोळ्याचा काहीच दोष नसतो. तो त्याच्या जातीला साजेसंच वागत असतो, त्रास मात्र त्यालाच होतो.

ज्यांच्याकडे आधीपासून एक-दोन टॅरंटुला आहेत आणि ज्यांनी ते वर्षभर तरी नीट सांभाळले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. डोळ्यांसमोर आहेत ती मुख्यतः युरोप-अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी. हा छंद तिथे मुरलेला आहे आणि पाळणाऱ्यांकडेच जन्मलेले कोळी तिथे उघडपणे विकत मिळतात. भारताबद्दलही खाली लिहिलं आहे.

मी स्वतः एक नियम पाळतो आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तोच सांगतो: पुढच्या कोळ्याने तुमच्यापुढे एकच नवी अडचण आणावी. वेग नवा असेल तर बाकीची देखभाल ओळखीची असू द्या. झाडावर राहणारी जात पहिल्यांदा घेत असाल तर ती शांत स्वभावाची निवडा. ओलाव्याचा सराव नसेल तर आधी तो करा, आणि तोही पोटावरचे खाजरे केस फारसे न उडवणाऱ्या कोळ्यावर. दोन नव्या अडचणी एकदम आल्या की काही बिघडल्यावर नेमकं कशामुळे बिघडलं तेच समजत नाही.

आधी स्वतःच्या घराकडे बघा

जातींची यादी काढण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा.

पहिली गोष्ट तापमान. ज्या खोलीत पेट्या ठेवणार तिथे जानेवारीच्या पहाटे आणि जुलैच्या दुपारी किती असतं? 20 ते 26 अंश सेल्सिअसमध्ये बहुतेक जाती सुखाने राहतात, म्हणजे माणसाला बरं वाटतं तिथे त्यांनाही बरं वाटतं. पेटीखाली गरम चटई लावायची गरज पडत असेल तर जात बदला किंवा खोली बदला. जमिनीवरचा टॅरंटुला उकडायला लागलं की खाली खणत जातो, आणि खालीच चटई असेल तर तो गारव्याच्या शोधात उष्णतेकडे सरकतो.

दुसरी गोष्ट तुमचा प्रवास. आपल्यापैकी बरेच जण वर्षा-दोन वर्षांतून तीन-चार आठवडे भारतात जातात. मला हा निकष फार महत्त्वाचा वाटतो, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत तो क्वचितच सापडतो. कोरड्या भागातली मोठी, नीट खाल्लेली मादी पाण्याचं भांडं भरून ठेवलं तर एवढे दिवस सहज काढते. अंगठ्याच्या नखाएवढी पिल्लं आणि सतत ओल लागणाऱ्या जाती काढत नाहीत. शेजारी किंवा मित्र आठवड्यातून एकदा येऊन पाणी घालायला तयार असेल, तरी त्याला वेगवान कोळ्याचं झाकण उघडायला सांगणं बरोबर नाही. ज्या घराला दर हिवाळ्यात महिनाभर कुलूप असतं, त्या घराची यादी वेगळी असते.

तिसरी गोष्ट घरातली माणसं आणि प्राणी. लहान मूल, मांजर, उन्हाळ्यात राहायला येणारे आईवडील, एकाच खोलीत झोपणारा रूममेट. डास किंवा झुरळं मारायचा फवारा, विजेवर चालणारं डासांचं औषध, कुत्र्या-मांजराच्या पिसवांवर लावायचं औषध, हे सगळं कोळ्यालाही मारतं. पाहुण्यांनी सवयीने डासांचं मशीन लावलं तर काय, याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा. भाड्याच्या घरात करारपत्रात पाळीव प्राण्यांबद्दल काय लिहिलंय तेही वाचा.

चौथी गोष्ट तुमच्या हातांचा सराव. पळालेला कोळी तुम्ही पारदर्शक डब्याखाली शांतपणे धरला आहे का? मोठ्या झालेल्या कोळ्याला एका पेटीतून दुसरीत हलवलं आहे का? हे अजून केलं नसेल तर पुढचा कोळी संथच हवा.

कायदा आधी, पसंती नंतर

ऑस्ट्रेलियात परदेशी टॅरंटुला आणताच येत नाहीत. तिथे पाळतात ते तिथलेच सेलेनोकॉस्मियासारखे कोळी. सिंगापूरमध्ये टॅरंटुला पाळणं बेकायदा आहे. अमेरिकेत हवाई राज्यात मनाई आहे. अमेरिकेतच श्रीलंकेच्या पाच पीसिलोथेरिया (झाडावर राहणारे टॅरंटुला) जाती 2018 पासून संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याखाली आल्या आहेत, त्यामुळे परवान्याशिवाय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात त्यांची विक्री होत नाही. ब्रॅकिपेल्मा हा मेक्सिकोतला पूर्ण गट 1990 च्या दशकापासून साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट 2 मध्ये आहे आणि पीसिलोथेरियाचा पूर्ण गट 2019 पासून. म्हणजे देशाची सीमा ओलांडताना कागद लागतात. युरोपातल्या प्रदर्शनातून कोळी खिशात घालून विमानात बसणं, किंवा 'भेटवस्तू' लिहून टपालाने मागवणं, ही तस्करीच आहे.

भारतातल्या वाचकांसाठी: वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेली दुरुस्ती 2023 पासून लागू आहे. साइट्स यादीतले प्राणी तिच्यामुळे अनुसूची 4 मध्ये आले आणि ते बाळगणाऱ्याला नोंदणी करणं बंधनकारक झालं. नोंदणीचे नियम 2024 मध्ये आले. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर तिथेच थांबा.

सह्याद्रीतून कोळी उचलणं हा विषय तर माझ्या दृष्टीने चर्चेचाच नाही. पीसिलोथेरिया रेगालिस आपल्याकडे जुन्या झाडांच्या ढोल्यांत राहतो, थ्रिग्मोपियस पश्चिम घाटातल्या मातीच्या उतारांवर बिळं करतो. निळ्या रंगासाठी जगभर गाजलेला पीसिलोथेरिया मेटॅलिका आंध्र प्रदेशात नंद्याल आणि गिद्दलूरमधल्या जंगलाच्या छोट्या पट्ट्यातच उरला आहे आणि अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. या जाती युरोपात पिढ्यान् पिढ्या पेटीत वाढवल्या जातात. ज्याला पाळायच्या त्याने तिथलीच, कागद असलेली पिल्लं घ्यावीत. झाडावरची मादी झाडावरच राहू द्या.

कोणती जात किती अवघड, हे कसं ओळखायचं

अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर खाजरे केस असतात. धोका वाटला की मागच्या पायांनी पोट घासून ते हवेत उडवतात. खाजकुयलीच्या शेंगेला हात लागला की जे होतं साधारण तेच होतं, फक्त हे केस श्वासात आणि डोळ्यांतही जातात. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातली एक घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली आहे: पेटीची काच पुसताना चिली रोझ जातीच्या कोळ्याने उडवलेले केस पाळणाऱ्याच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात रुतले. चिली रोझ हा सगळ्यांत 'सोपा' समजला जाणारा कोळी आहे. म्हणून पेटीत हात घालताना चष्मा लावा आणि नंतर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

आशिया आणि आफ्रिकेतल्या जातींकडे हे केस नसतात. बचावासाठी त्यांच्याकडे दोनच गोष्टी: पाय आणि दात. त्यांचं विषही सहसा जास्त जोरकस असतं. पीसिलोथेरियाच्या दंशानंतर तीव्र वेदना आणि स्नायूंचे पेटके येतात, काही जणांना ते बरे वाटल्यावर पुन्हा उद्भवल्याच्या नोंदी आहेत. निरोगी माणूस यातून बरा होतो, पण ज्याला हृदयविकार आहे किंवा ज्याच्या घरी धावतं मूल आहे, त्याने हा गट वगळला तर काहीच बिघडत नाही. सुंदर आणि शांत जाती कितीतरी आहेत.

मग येते राहणी. जमिनीवर फिरणारे, खोल बिळात राहणारे आणि झाडावर राहणारे असे तीन ढोबळ प्रकार धरा. 'मला हा कोळी दिसेल का?' या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. म्यानमार-थायलंडचा सिरिओपॅगोपस लिव्हिडस फोटोत कोबाल्ट निळा दिसतो, पण घरी असते ती एक मातीची पेटी आणि तिच्यात एक भोक. ज्याला बिळाच्या तोंडाशी रात्री दोन पाय दिसले तरी आनंद होतो, त्याने तो जरूर घ्यावा. बाकीच्यांनी घेऊ नये.

शेवटी ओल. 'आर्द्रता 75 टक्के' असे आकडे वाचून लोक दिवसातून दोनदा फवारे मारतात. टॅरंटुलाला टक्केवारी लागत नाही. त्याला पाण्याचं भांडं, जातीनुसार कोरडी किंवा खालून ओलसर माती आणि खेळती हवा लागते. ओल्या मातीवर हवा कोंडली की बुरशी येते आणि कोळी मरतो. ओलाव्याच्या जातींत खरं कौशल्य लागतं ते हवा आणि पाणी यांचा मेळ राखण्याचं.

आता प्रत्यक्ष जाती

तुमच्याकडे पहिला कोळी म्हणून मेक्सिकोचा ब्रॅकिपेल्मा हामोरी किंवा मध्य अमेरिकेचा कुरळ्या केसांचा ट्लिल्टोकाट्ल अल्बोपिलोसस असेल असं धरून चालतो. यातला हामोरी 2017 पर्यंत बाजारात सर्रास ब्रॅकिपेल्मा स्मिथी या नावाने विकला जात होता, त्यामुळे जुन्या पाळणाऱ्याकडून घेताना नावाची खात्री करा.

काहीच अडचण वाढवायची नसेल, फक्त वेगळा कोळी हवा असेल, तर अर्जेंटिना-पॅराग्वेच्या चाको प्रदेशातला ग्रामोस्टोला पुल्क्रिपेस घ्या. पाय पसरल्यावर 18 ते 20 सेंटिमीटर भरणारा, गुडघ्यांवर सोनेरी पट्टे असलेला, बहुतेक वेळ उघड्यावर बसणारा हा कोळी माझ्या मते संग्रहातला दुसरा कोळी म्हणून सर्वांत योग्य आहे. त्याची काळीभोर बहीण ग्रामोस्टोला पुल्क्रा तितकीच शांत, पण वाढायला फारच संथ आणि महाग. ॲरिझोनाचा अफोनोपेल्मा चाल्कोडेस कोरड्या मातीवर, फक्त पाण्याच्या भांड्यावर वर्षानुवर्षं राहतो. दर वर्षी भारतात जाणाऱ्यांसाठी माझ्या यादीत तो पहिला. एक सांगून ठेवतो, ग्रामोस्टोला आणि अफोनोपेल्मा कधी कधी महिनोन् महिने जेवत नाहीत. पोट गरगरीत असेल आणि पाणी असेल तर त्यांना तसंच राहू द्या.

फक्त आकार आणि भूक वाढवायची असेल तर ब्राझीलचा अकँथोस्कुरिया जेनिक्युलाटा. पांढऱ्या पट्ट्यांचा, भरभर वाढणारा, चिमटा दिसला तरी झेप घेणारा. देखभाल सोपी, पण पाण्याचं भांडं बदलताना त्याचं लक्ष कुठे आहे ते बघावं लागतं. ब्राझीलच्याच लासिओडोरा पाराहिबानाची मादी 25 सेंटिमीटरपर्यंत जाते. ती मावेल एवढी पेटी ठेवायला जागा आहे का, ते आधी टेपने मोजून बघा. थेराफोसा गटातले महाकाय कोळी इथे सुचवत नाही. त्यांना आकाराबरोबर भरपूर ओल लागते आणि त्यांचे खाजरे केस अत्यंत त्रासदायक असतात, म्हणजे तीन अडचणी एकदम.

रंग हवा असेल आणि थोडी चपळाई चालत असेल तर व्हेनेझुएलाच्या पाराग्वाना द्वीपकल्पातला क्रोमॅटोपेल्मा सायनिओप्युबेसेन्स. निळे पाय, नारिंगी पोट, हिरवट पाठ. कोरड्या झुडपी प्रदेशातला असल्यामुळे ओलाव्याची चिंता नाही. मोठ्या कोळ्याची माती कोरडी ठेवा, पाण्याचं भांडं भरलेलं ठेवा आणि आत दोन-तीन फांद्या आडव्या-तिडव्या लावा. महिन्याभरात त्या फांद्यांमध्ये पांढऱ्या जाळ्याचे बोगदे तयार होतात आणि कोळी त्यांच्या तोंडाशी बसतो. घाबरट आहे, केसही उडवतो, पण मोकळ्या जागी बसायला त्याला आवडतं. पहिल्या शांत कोळ्यानंतर वेगाची सवय करायला मला यापेक्षा चांगली जात माहीत नाही.

पहिल्यांदाच झाडावरचा कोळी घ्यायचा असेल तर कॅरिबियन बेटांपैकी मार्टिनिकचा कॅरिबेना व्हर्सिकलर. पिल्लू असताना गडद निळा असतो, आणि कात टाकता टाकता हिरवा, लालसर, जांभळा होत जातो. स्वभाव मवाळ. इथे नवी अडचण एकच, हवा. उभी पेटी, समोरासमोर भोकं, वर चढायला बुचाच्या झाडाच्या सालीचा तुकडा, त्याच्यामागे प्लॅस्टिकची पानं आणि खाली पाण्याचं भांडं. आठवड्यातून एक-दोनदा एका बाजूला जाळ्यावर थोडं पाणी शिंपडा, ते दुसऱ्या दिवसापर्यंत वाळलं पाहिजे. वाळत नसेल तर भोकं वाढवा. पिल्लं मरतात ती जवळजवळ नेहमी कोंदट पेटीत, 'याला जंगलासारखी ओल हवी' असं समजून पाणी घालत राहिल्यामुळे.

आशिया-आफ्रिकेकडे जाण्याआधीचा मुक्काम

बरेच जण क्रोमॅटोपेल्मावरून थेट आफ्रिकेच्या नारिंगी टेरिनोकिलस म्युरिनसवर उडी मारतात, कारण तो स्वस्त मिळतो आणि काटक असतो. काटक आहेच. पण तो डिवचला गेला की पुढचे पाय उचलून उभा राहतो, आणि चावतो. त्याच्याआधी साल्मोपियस गटातला एखादा कोळी किमान एकदा पेटी बदलेपर्यंत सांभाळा. त्रिनिदादचा साल्मोपियस कॅम्ब्रिजी किंवा व्हेनेझुएलाकडचा काळा-नारिंगी साल्मोपियस इर्मिनिया. हे अमेरिका खंडातले असूनही यांच्याकडे खाजरे केस नाहीत, वेग मात्र पीसिलोथेरियाच्या तोडीचा आहे आणि विष त्यामानाने सौम्य.

हा वेग एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावा लागतो. सालीला मऊ ब्रशचा केस लागतो, कोळी तिथे असतो. पुढच्या क्षणी तो सालीच्या दुसऱ्या टोकाला असतो, आणि मधलं अंतर त्याने कापलेलं तुम्हाला दिसलेलंच नसतं. अशा वेळी झाकण ओढून लावायचा मोह होतो. तेच टाळायचं, कारण झाकणाच्या कडेत पाय सापडतो. हात जिथे आहे तिथेच ठेवा. हे कोळी पळतात ते थोडंच अंतर, मग पुन्हा चिकटून बसतात. बसला की वरून पारदर्शक डबा ठेवायचा आणि खालून पुठ्ठा सरकवायचा.

पेटी बदलायची तर दोन्ही पेट्या एका मोठ्या, उंच कडांच्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवा, नाहीतर बाथरूममध्ये, ड्रेनवर झाकण लावून आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबून. दोन डबे, लांब चिमटा, ब्रश हाताशी. घाई असलेल्या दिवशी हे काम काढूच नका. साल्मोपियसच्या दोन-तीन पेट्या अशा शांतपणे बदलून झाल्या, की पीसिलोथेरिया रेगालिसचा विचार करायला हरकत नाही. त्या गटातला तो काटक आणि सहज मिळणारा आहे.

जमिनीवरच्या जुन्या जगातल्या (आशिया-आफ्रिकेकडच्या) कोळ्यांमध्ये माझा कल येमेनच्या सोकोत्रा बेटावरच्या मोनोसेन्ट्रोपस बालफोरीकडे आहे. निळसर पाय, फिकट पाठ, माती आणि फांद्यांमध्ये भरपूर जाळं. एकाच अंडपिशवीतली पिल्लं एकत्र वाढवता येणाऱ्या मोजक्या जातींपैकी ही एक. तरी पहिल्यांदा एकटाच घ्या. एकत्र वसाहत हा स्वतंत्र विषय आहे, आणि त्यात एखादं पिल्लू खाल्लं जाणं गृहीत धरावं लागतं.

जागा कमी असेल तर छोट्या जाती बघा. त्रिनिदाद-व्हेनेझुएलाचा सिरिओकॉस्मस एलेगन्स पोटावर नारिंगी पट्टे मिरवतो आणि मोठेपणीही तळहाताच्या मधोमध मावेल एवढाच राहतो. त्याची पिल्लं मात्र तिळाएवढी असतात, म्हणून थोडं वाढलेलं पिल्लू मागा.

पिल्लू, अर्धवट वाढलेला की मोठी मादी

ब्रॅकिपेल्माची मादी 20 वर्षांहून जास्त जगते. नर प्रौढ झाला की पुढे साधारण वर्षभर, काही जातींत त्याहून कमी. त्यामुळे 'मोठा कोळी स्वस्तात' अशी जाहिरात दिसली की आधी पुढच्या पायांवरचे हुकासारखे आकडे आणि तोंडाजवळच्या छोट्या पायांची फुगीर टोकं बघा. दोन्ही असतील तर तो प्रौढ नर आहे आणि त्याचे थोडेच महिने उरले आहेत.

पिल्लू स्वस्त पडतं आणि वाढताना बघण्याचं सुख मिळतं. पण त्यात नर निघण्याची शक्यता निम्मी, आणि संथ जातीत पाच-सहा वर्षं थांबायची तयारी लागते. संथ वाढणाऱ्या जातीत (ग्रामोस्टोला, ब्रॅकिपेल्मा) चार-पाच सेंटिमीटरचा कोळी घ्यावा आणि भरभर वाढणाऱ्या जातीत (साल्मोपियस, अकँथोस्कुरिया) पिल्लू, असं माझं मत आहे. वेगवान जात पिल्लापासून वाढवली तर तुमचा हातही तिच्याबरोबर तयार होतो.

विक्रेता 'मादी आहे' म्हणाला तर कशावरून, ते विचारा. खात्रीचा मार्ग म्हणजे टाकलेली कात. ताजी कात कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, भिजत ठेवतात. पोटाचा भाग चुरगळलेला असतो, तो ब्रशच्या टोकाने हळूहळू उलगडायचा. आतून चार पांढरट ठिपके दिसतात, ती श्वसनाची फुफ्फुसं. वरच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये कडेपासून सुटी उभी राहिलेली छोटी झडप असेल तर मादी. तिथे काहीच वर आलेलं नसेल तर बहुधा नर. चांगला विक्रेता त्या कातेचा फोटो दाखवतो. कोळ्याच्या पोटाखालचा अस्पष्ट फोटो हा पुरावा नाही.

विक्रेत्याला काय विचारायचं

शास्त्रीय नाव पूर्ण हवं. बाजारातलं टोपणनाव चार जातींना एकच असतं. पेटीत जन्मलेला की जंगलातून पकडलेला? पेटीत जन्मलेलाच घ्या. पकडून आणलेल्यांमध्ये परजीवी कृमी जास्त आढळतात, आणि जंगलातली मादी कमी होते ती वेगळीच. शेवटचं कधी जेवला, शेवटची कात कधी टाकली, हेही विचारा. साइट्स यादीतली जात असेल तर कुठून आली त्याचा कागद मागा. 'संकर' किंवा 'जात नक्की नाही' असं लिहिलेलं काही घेऊ नका, कारण पुढे त्याची पैदास कोणी करू शकत नाही आणि चुकून केली तर संग्रहांतलं रक्त गढूळ होतं.

समोर बघायला मिळत असेल तर फार उत्तम. जर्मनीत हाम शहरात वर्षातून चार वेळा भरणारं टेरॅरिस्टिका प्रदर्शन आणि ब्रिटिश टॅरंटुला सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, ही दोन ठिकाणं युरोपातल्या पाळणाऱ्यांनी एकदा तरी बघावीत. डबीतल्या कोळ्याचं पोट सुरकुतलेलं नाही ना, पाय अंगाखाली आखडून घेतलेले नाहीत ना, तोंडाजवळ पांढरट चिकट काही नाही ना, एवढं नजरेने तपासा. पाय पूर्ण आखडलेला कोळी दमलेला नसतो, मरणाच्या वाटेवर असतो. एखादा पाय नसेल तर मात्र काळजी नाही, पुढच्या एक-दोन कातींत तो परत येतो.

टपालाने मागवणार असाल तर कडाक्याची थंडी आणि उष्णतेची लाट टाळा. शुक्रवारी पाठवलेलं पार्सल शनिवार-रविवार गोदामात पडून राहतं, म्हणून सोमवारी पाठवायला सांगा. जिवंत पोचण्याची हमी लेखी घ्या.

पेटी आधी, कोळी नंतर

पेटी लावून आठवडाभर रिकामी ठेवा. माती वाळते किती, बुरशी येते का, झाकण घट्ट बसतं का, हे त्या आठवड्यात कळतं.

जमिनीवरच्या जातीसाठी लांबी पायांच्या पसाऱ्याच्या तिप्पट, रुंदी दुप्पट. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. हे कोळी काचेवर चढतात आणि पडले तर पोट फुटतं, म्हणून उंच पेटी घेतलीच तर तिच्यात माती जास्त भरा. कोकोपीट किंवा खत-औषध नसलेली साधी माती चालते. जाळीचं झाकण टाळा, त्यात पायाच्या नख्या अडकतात. भोकं पाडलेलं ॲक्रिलिक बरं. बिळातल्या जातीला मातीची खोली पसाऱ्याइतकी तरी द्या, जास्त दिली तर अजून चांगलं. लपायची जागा प्रत्येकाला हवी, पाण्याचं भांडं प्रत्येकाला हवं, आणि त्यात स्पंज नको, तो घाण धरून ठेवतो. ओल्या पेट्यांमध्ये स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव सोडले तर ते बुरशी खात राहतात.

घरी आल्यावर

नव्या कोळ्याची पेटी जुन्यांपासून दूर, जमल्यास दुसऱ्या खोलीत, महिनाभर. त्याचा चिमटा वेगळा. त्याचं उरलेलं जेवण दुसऱ्याला द्यायचं नाही. माइट (गोचिडीसारखे अगदी बारीक जीव), तोंडाशी पांढरा लगदा करणारे कृमी आणि बारीक फोरिड माश्या यांपैकी काही असेल तर ते याच महिन्यात दिसतं.

पहिले चार-पाच दिवस फक्त पाणी, जेवण नको. मग त्याच्या पोटापेक्षा लहान एक झुरळ किंवा रातकिडा टाका, अर्थातच पाळीव पैदाशीतला, घरात सापडलेला नाही. 24 तासांत खाल्ला नाही तर बाहेर काढा आणि आठवड्याने पुन्हा द्या. पोट काळपट आणि ताणलेलं दिसत असेल, बिळाचं तोंड जाळ्याने बंद केलेलं असेल, तर कात जवळ आली आहे. तेव्हा आत काहीच टाकू नका. पाठीवर उलटा पडलेला टॅरंटुला मेलेला नसतो, तो कात टाकत असतो. त्याला हात लावणं, फुंकर मारणं, सरळ करणं, यातलं काहीही केलं तर तो खरंच मरू शकतो. कातीनंतर त्याचे दात पांढरे किंवा लालसर असतात, ते काळे होईपर्यंत जेवण नाही. लहान पिल्लाला काही दिवस पुरतात, मोठ्या मादीला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त.

एक वही करा. तारीख, काय दिलं, खाल्लं का, कात कधी, पेटी कधी बदलली. टाकलेली कात वाळवून, तारीख लिहून छोट्या पाकिटात ठेवा. महिनाभरात कोळी दोनदा नीट जेवला आणि पेटीत बुरशी, माइट काही दिसलं नाही, की त्याची पेटी बाकीच्यांच्या फळीवर हलवा. कात जवळ आल्यामुळे जेवत नसेल तर ती टाकून तो पुन्हा जेवेपर्यंत पेटी आहे त्याच खोलीत राहू द्या.